लालबाग ते काशी, छोट्या हत्तीतून: ही दोघं प्रेमात पडतील का?

लोकलपकड्या (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

एका दीर्घकथेचा खटाटोप चाललाय आणि त्यासाठी तुमची डोकी उसनी हवी आहेत. प्रकार जुनाच आहे. एकमेकांशी काडीचंही न जमणारी दोघं, एक लांबलचक रस्ता, वाटेत भांडणं, फजिती, आणि शेवटी जे व्हायचं ते. मला हा प्रकार मनापासून आवडतो. पण लिहायला बसलो की तिसऱ्या पानावर घोडं अडतं. दोघांचं पहिलं कडकडीत भांडण झालं रे झालं, की त्यातलं एक जण फोन काढून टॅक्सी बोलावतं आणि चालू लागतं. संपली कथा.

पूर्वी हे सोपं होतं. १९३४ चा 'इट हॅपन्ड वन नाइट' घ्या. ती बापाच्या तावडीतून पळालेली, पैसे नाहीत, पेपरात फोटो छापून आलेला. तो नोकरी गेलेला बातमीदार, त्याच्यासाठी ती म्हणजे आयती बातमी. मायामीहून न्यूयॉर्ककडे जाणारी बस. दोघंही चडफडतात पण सोडून जात नाहीत, कारण परवडतच नाही. पाचही मोठी ऑस्कर एकाच सिनेमाला पहिल्यांदा मिळाली ती याला. आपल्याकडे 'चोरी चोरी' (१९५६) आणि 'दिल है के मानता नहीं' (१९९१) याच सांगाड्यावर उभे राहिले. आजची मुलगी मात्र मैत्रिणीकडून यूपीआयवर पैसे मागवेल आणि विमानात बसेल.

तर प्रश्न असा, की आजच्या काळात दोन न पटणाऱ्या माणसांना एका गाडीत पाच-सहा दिवस डांबायचं कसं? मुंबईहून निघायचं एवढंच नक्की आहे. बाकी सगळं मोकळं रान.

निवांत_नाना

सोपं आहे. आधी लग्न लावून द्या. मग न पटताही लोक चाळीस वर्षं एका गाडीत बसतात.

पार्लेकरीण

नानांना दंडवत. पण तो प्रकार 'नवरा माझा नवसाचा'मध्ये झालाय की, २००४ साली. आधीच लग्न झालेलं जोडपं, एस.टी., गणपतीपुळे. मराठीत प्रवासातली मजा आपल्याला जमते, पण प्रेमात पडणं मात्र आपण थांबलेल्या गाडीत उरकतो. 'मुंबई-पुणे-मुंबई'च्या नावात एवढा प्रवास, आणि दोघं सगळा वेळ पुण्यात पायी भटकतात! (सिनेमा आवडतो, गैरसमज नको.)

माझी सूचना: मांजर द्या. मांजराला घेऊन दूर जायचंय.

आरटीओ_अण्णा

मांजर चालणार नाही. काही विमान कंपन्या लहान पाळीव प्राणी केबिनमध्ये नेऊ देतात. रेल्वेतही सोय आहे. कारण कच्चं आहे.

निवांत_नाना

अण्णा आले. आता कथेचं पासिंग झाल्याशिवाय सुटका नाही.

चिंचपोकळीची_मावशी

मी फारशी लिहीत नाही इथे, पण एक सुचवू का? मध्ये गणपतीची मूर्ती ठेवा. शाडूची, अडीच फुटी.

आमच्या घरामागेच चित्रशाळा, म्हणजे गणपती घडवायचा कारखाना आहे, लहानपणापासून बघतेय. शाडू जड असते आणि ठिसूळही. पीओपीसारखी उचलली-ठेवली केलेली तिला सोसत नाही. पाणी लागलं की माती ओघळते, एकदम तापली की तडा जातो. आणि अडीच फुटी मूर्ती एकट्याने उचलायची नाही असा आमच्याकडे दंडकच आहे. एकाने समोरून पाट धरायचा, दुसऱ्याने मागून, आणि दोघांनी एकदम उठायचं. एक जण आधी उठला तर मूर्ती कलंडते.

आता बघा. प्रवास भाद्रपदाच्या तोंडावर, म्हणजे पाऊस. मूर्ती रात्रभर गाडीत ठेवता येणार नाही, ओल धरेल. म्हणजे रोज रात्री उतरवायची, रोज सकाळी चढवायची. दोन्ही वेळा दोघं लागणार. दिवसभर एकमेकांचं तोंड पाहिलं नसलं तरी रात्री "एक, दोन, तीन, उचल" म्हणावंच लागेल. आणि चतुर्थी कोणासाठी थांबत नाही.

लोकलपकड्या

मावशी!!! पाय कुठे आहेत तुमचे?

पण मूर्ती जायची कुठे? मुंबईहून कोकणात म्हटलं तर एका दिवसात पोचतात.

घाटपायरी

काशीला आणा. आमच्याकडे ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगेच्या आसपास मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरोघरी गणपती बसतो. एखाद्या आजीचा हट्ट असू शकतो, की मूर्ती आमच्या सासऱ्यांच्या वेळी लालबागच्या ज्या चित्रशाळेतून यायची तिथलीच हवी. आमच्याकडच्या आज्यांचे हट्ट याहून मोठे असतात, हे मी शपथेवर सांगतो.

आरटीओ_अण्णा

महानगरी एक्सप्रेस सीएसएमटीहून थेट वाराणसीला जाते. टेम्पो कशाला?

चिंचपोकळीची_मावशी

अण्णा, शाडूची मूर्ती पार्सलच्या डब्यात टाकून बघा आणि पलीकडे काय उतरतं ते आम्हाला कळवा.

पार्लेकरीण

मूर्ती +१०१. आता त्या दोघांचं बघू. धागाकर्त्याच्या डोक्यात काय आहे ते मला माहीत आहे. ती पार्ल्याची, सीए, एक्सेलमध्ये प्रवासाचा तक्ता करणारी. तो लालबागचा, टेम्पो चालवणारा, दाढी वाढलेली, मनाने सोन्यासारखा. तो तिला "जगायला" शिकवणार. हो ना? कंटाळा आला हो. दर वेळी बाईला कशाला सैल करायचं असतं तुम्हाला?

उलटं करा. टेम्पो तिचा. चित्रशाळावाल्याची मुलगी, बापाच्या हाताखाली शिकलेली. तो काशीच्या त्या घरातला नातू, बीकेसीत विमा कंपनीत नोकरी, गाडी लागते.

लोकलपकड्या

पार्लेकरीण, तक्ता खरोखरच लिहून ठेवला होता. खोडला. ती दीपाली, तो विश्वेश. पुढे?

पार्लेकरीण

घ्या, कसारा घाटाचा नमुना:

"गाडीत ओकायचं नाही. मागे बाप्पा आहेत."
"मला पूर्ण कल्पना आहे. मी अत्यंत संयमाने बसलेलो आहे."
"तो संयम जरा खिडकीबाहेर तोंड काढून कर."

घाटपायरी

विश्वेशची भाषा बरोबर पकडलीत. आमचं मराठी घरात टिकलं, रस्त्यावर नाही. त्यामुळे ते जरा पोथीतलं वाटतं. "मी आपणांस विनंती करतो" असं तो टोलनाक्यावरही म्हणेल. मात्र राग आला की तो थेट बनारसीत जाईल, आणि ते ऐकून दीपालीच्या भुवया पहिल्यांदा वर जातील. तिला वाटत होतं याला शिव्या येतच नाहीत.

आरटीओ_अण्णा

वाहनाबद्दल लिहितो. विनोदात का होईना, चुकीचं छापून येऊ नये.

टेम्पो म्हणजे टाटा एस धरा, जो २००५ मध्ये आला आणि ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात. केबिनमध्ये चालक अधिक एक एवढीच बैठक. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ खाली परमिट लागत नाही, त्यामुळे राज्याची हद्द ओलांडताना परमिटवरून अडवाअडवीचा प्रसंग लिहू नका. मातीच्या मूर्तीवर २०१७ पासून जीएसटी शून्य आहे. लायसन्सचं म्हणाल तर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे विश्वेशही कायद्याने गाडी चालवू शकतो. येते का, हा प्रश्न वेगळा.

आणि महत्त्वाचं: मालवाहू गाडीच्या हौद्यात प्रवासी बसवणं बेकायदा आहे.

निवांत_नाना

अण्णा, नकळत तुम्ही सगळ्यात उपयोगी गोष्ट सांगितलीत. रुसून मागे बाप्पापाशी जाऊन बसायची सोयच नाही! दोन सीट, मध्ये गिअरचा दांडा, आणि छोट्या हत्तीच्या हौद्यात गजानन. मी आजपासून तुमचा पंखा.

लोकलपकड्या

आता रस्ता. माझा हिशोब असा: समृद्धीने नागपूर, तिथून शिवनी, जबलपूर, रीवा, मिर्झापूर, काशी. साधारण दीड हजार किलोमीटर. बरोबर?

आरटीओ_अण्णा

बरोबर. समृद्धी ७०१ किलोमीटरची. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. नागपूरपुढे वाराणसीपर्यंत बहुतेक जुन्या राष्ट्रीय महामार्ग ७ चीच वाट.

निवांत_नाना

माझा समृद्धीला सक्त विरोध. समृद्धीवर प्रेम होत नाही. मी त्या रस्त्याने गेलोय, रस्ता झकास, तक्रार शून्य. पण कुंपण घातलेल्या रस्त्यावर काही घडत नाही. गाव नाही, रस्ता विचारायला माणूस नाही, समोर अचानक म्हैस नाही, "पुढे पूल वाहून गेलाय, मागे फिरा" म्हणणारा पोरगा नाही. दोन माणसं एकमेकांना ओळखतात ती तिसऱ्या माणसाशी कशी बोलतात ते पाहून. टपरीवाल्याशी तो कसा वागला, पंक्चरवाल्याशी तिने घासाघीस कशी केली, हे बघायला गाडी थांबावी लागते. समृद्धीवर गाडी थांबली तर मदत पथक येतं आणि तुम्हाला व्यवस्थित मार्गी लावतं. कथा बुडाली.

पार्लेकरीण

मग त्यांना जुन्या रस्त्याने पाठवायचं कारण?

चिंचपोकळीची_मावशी

कारण आहे. दीपालीचा बाप सांगेल, वेगात हवा लागून मूर्ती हादरेल, चाळीसच्या वर काटा न्यायचा नाही. मग ताशी १२० च्या रस्त्यावर चाळीसने कोण जाणार? मागून येणारा उडवेल.

आणि तिने सोबत का जायचं तेही सांगते, नाहीतर अण्णा विचारतील की ड्रायव्हर का नाही पाठवला. डोळ्यांची आखणी राहिलेली असू दे. आखणी सगळ्यात शेवटी होते आणि सगळ्यात चांगल्या हाताकडे जाते. बापाचा हात आता थरथरतो. वाटेत रंगाला धक्का लागणारच, म्हणून आखणी काशीला पोचल्यावर करायची, असं ठरवून तो मुलीला पाठवतो. पहिल्यांदाच तिच्यावर आखणी सोडलीय. ती जी सतत चिडचिड करते ना, ती त्या धास्तीने. विश्वेशला वाटतं आपल्यामुळे.

लोकलपकड्या

मी गप्प बसतो, कथा तुम्हीच लिहा.

वऱ्हाडी_ठसका

भाऊ, उशिरा आलो पण कामाचं सांगतो. जुन्या रस्त्यानं म्हंजे नाशिक, धुळे, जळगाव, भुसावळ, मलकापूर, खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर. चतुर्थीच्या तीन-चार दिवस आधी काय असते? पिठोरी अमावस्या, म्हंजे पोळा! तुमचा टेम्पो नेमका पोळ्याच्या दिवशी आमच्याकडं असंन. बैलं सजवून वेशीवर आणतेत, तोरणाखाली उभे करतेत, झडत्या, म्हंजे पोळ्याचे गाणे, म्हनतेत. हायवे चालू असते, पन हे दोघं शेगावची कचोरी खाच म्हनून खामगावहून आत वळले की अडकले. बैलापुढं हॉर्न वाजवाची कोनाची टाप नाही.

दुसरं. अकोला-अमरावतीत खड्ड्यात गाडी उसळून दोघं एकमेकांच्या अंगावर पडले असं लिहू नका. जून २०२२ मध्ये त्या पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव गेलं. उसळाचं काम भिवंडीत उरकून घ्या.

लोकलपकड्या

भिवंडी बायपासला मनापासून मान्यता. माजिवड्यापासून वडप्यापर्यंतच पहिलं प्रकरण होईल एवढं साहित्य तिथे आहे.

जळगावची_केळी

धुळे-जळगाव आलं आणि शेवभाजीचं नाव कोणी काढलं नाही? निषेध.

नाशिकची_मिसळ

आधी नाशिक येतं. मिसळ खाल्ल्यावर शेवभाजीची आठवण राहणार नाही.

जळगावची_केळी

मिसळ हा नाश्ता आहे, जेवण नव्हे. भांडायचं असेल तर भरीत घेऊन येते.

नाशिकची_मिसळ

भरीताचा सीझन थंडीचा. भाद्रपदात भरीत कुठलं आणता?

संपादक

खाद्ययुद्धाचे बाकीचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथे कृपया टेम्पोबद्दल बोलावे.

चिंचपोकळीची_मावशी

खाण्यावरून आठवलं. दीपाली लालबागची आहे, घरात बोंबील, सुकट रोजचं. पण श्रावण लागल्यापासून बंद आहे, ते थेट बाप्पा गेल्यावर सुरू. आधीच महिनाभराचा उपास घडलेला आणि शेजारी हा आयुष्यभराचा शाकाहारी, ज्याला त्यात काही त्याग वाटत नाही. तो म्हणणार, "यात एवढं काय?" त्या वाक्यावर मुलगी टेम्पोतून उतरून चालत जाईल.

वऱ्हाडी_ठसका

आता नागपूर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, अन् त्याच दिवशी मारबत. ज्याईनं पाह्यली नाही त्याईच्यासाठी सांगतो. काळी अन् पिवळी मारबत, मोठमोठे पुतळे, महाल-इतवारीतून मिरवनूक, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हनून लोकं ओरडतेत. संग बडगे असतेत, म्हंजे यंदा लोकाईले ज्याचा राग आला त्याचे पुतळे, कधी महागाई, कधी कोनी पुढारी. मग गावाबाहेर नेऊन जाळतेत.

आता तुमच्या टेम्पोत काय हाये? तोंडावर कापड घातलेली, हातभर दोरीनं बांधलेली मूर्ती. गर्दीत अडकला टेम्पो. लोकं म्हननार, हा कोनाचा बडग्या बे? उतरव!

पार्लेकरीण

अरे देवा. हे सोडायचं नाही. हा मध्यंतराचा प्रसंग.

कापड काढून दाखवावं तर आखणी नाही, डोळ्यांविना बाप्पा. शिवाय प्रतिष्ठापनेआधी तोंड उघडं करायचं नाही. दीपाली ओरडतेय, तिचा आवाज ढोलात विरतोय. आणि तेव्हा विश्वेश, ज्याने आतापर्यंत टोलवाल्याशीही नजर मिळवून बोललेलं नाही, तो टपावर चढतो आणि त्याच्या त्या पोथीतल्या मराठीत भाषण ठोकतो: "बंधूंनो, आपणांस विनंती आहे..." लोक आधी हसतात. मग एक म्हातारा म्हणतो, "थांबा रे, काय म्हनते ऐकू द्या." आणि रस्ता मोकळा होतो. ढोलवालेच पुढे चालून त्यांना चौकापर्यंत पोचवतात.

टेम्पोत परत बसल्यावर ती त्याच्याकडे बघत नाही. फक्त म्हणते, "खिडकी खाली घेऊ का? लागत असेल तुला." आतापर्यंत तिने ते कधी विचारलेलं नसतं.

निवांत_नाना

पार्लेकरीण, मघाशी कोण म्हणत होतं की "तो मनाने सोन्यासारखा" नको?

पार्लेकरीण

सोन्यासारखा नाहीच. टपावरून उतरताना त्याने तिचा रंगाचा डबा तुडवलाय. ते जबलपूरला कळणार.

लोकलपकड्या

जबलपूरला रंग कुठे मिळवायचे यावर अख्खं प्रकरण आहे. तिथे मराठी वस्ती बरीच, गणपतीही जोरात, म्हणजे तिथल्या एखाद्या मूर्तिकाराच्या दारात रात्री दहाला उभं राहायचं. चतुर्थी तोंडावर असताना मूर्तिकार कोणाला दार उघडेल का?

चिंचपोकळीची_मावशी

शिव्या घालेल आणि उघडेल. त्या रात्री कोणी झोपलेलं नसतं. तो रंग देईल, पण बदल्यात दीपालीला चार मूर्तींची आखणी करून द्यायला लावेल. तिथेच तिची धास्ती जाईल. विश्वेश रात्रभर दिवा धरून उभा. बोलणं काही नको. हे माझ्या मते खरं प्रेमात पडणं. बाकी तुम्ही चंद्र-चांदणं काय घालायचं ते घाला.

आरटीओ_अण्णा

चंद्र घालता येणार नाही. अमावस्येनंतरची दुसरी रात्र आहे, द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात मावळते. रात्री दहाला आकाशात चंद्र नसतो. आणि भाद्रपदातल्या चतुर्थीला तर चंद्र पाहूच नये म्हणतात, चोरीचा आळ येतो.

निवांत_नाना

ज्या प्रेमकथेत आरटीओने चंद्राचं परमिट नाकारलं अशी ही जगातली पहिलीच.

पार्लेकरीण

रात्रीच्या मुक्कामांचं बोलूया का? लॉजवाले लग्न न झालेल्या जोडीला खोली देताना कुरकुर करतात, कायदा काही का असेना. त्या १९३४ च्या सिनेमात दोघांच्या खाटांमध्ये दोरीवर चादर टांगली होती, ते गोड होतं. पण इथे कृपया दोघांच्या मध्ये बाप्पाला बसवून "पडदा" करू नका. पहिल्याच वाचकाला सुचेल.

लोकलपकड्या

सुचलं होतं, खोटं कशाला बोलू. मग काय करू?

घाटपायरी

धर्मशाळा. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, मूर्ती ओसरीवर. दोघांनाही मूर्तीची काळजी, त्यामुळे दर तासाला कोणीतरी उठून बघायला येणार. पहिल्या रात्री दोघं दचकतात. तिसऱ्या रात्री ठरवून उठतात, हे मात्र कोणी कबूल करत नाही.

लोकलपकड्या

घेतलं. मध्ये एक टोलचं भांडण पण हवंय. दीपालीच्या फास्टॅगमध्ये पैसे नाहीत.

आरटीओ_अण्णा

१५ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नियमाप्रमाणे फास्टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट, रोखीने दुप्पट टोल. ती रोख काढणार, तो यूपीआय. फरकाची रक्कम नगण्य, भांडण शिवनीपर्यंत पुरेल. पेंचच्या जंगलात महामार्ग खांबांवर उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे. त्या पट्ट्यात गाडी थांबवून भांडू नये.

पुढे मिर्झापूरच्या वाटेवर ड्रमंडगंजचा घाट उतारावर फार वाईट आहे, तिथे ट्रकचे अपघात होतात. विश्वेशला पहिल्यांदा गाडी चालवायला द्यायची असेल तर तो घाट सोडून द्या. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक तापू न देता उतरायचं, हे दीपालीचंच काम.

निवांत_नाना

अण्णा त्या दोघांची काळजी करायला लागले. मी हे कुठेतरी नोंदवून ठेवतो.

घाटपायरी

आता काशी. तुमचा छोटा हत्ती मैदागिनच्या पुढे सरकणार नाही. ब्रह्माघाटाच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून सांड आला तर माणूस दाराच्या उंबऱ्यावर चढून उभा राहतो. बोटीने न्यावी म्हणाल तर त्या दिवसांत गंगेला पूर असतो, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, नावा बंद. म्हणजे मूर्ती दोघांनी हातात धरून गल्लीतून चालत न्यायची. तो पुढे, उलटा चालत, कारण वळणं त्याला पाठ आहेत. ती मागे, कारण मूर्तीचा तोल तिला कळतो. इथे तिने त्याच्या शब्दावर पाऊल टाकायचं: "डावीकडे पायरी आहे. आता दोन पायऱ्या खाली." पाच दिवस ती म्हणेल तसं तो करत आला, इथे पहिल्यांदा उलटं. आणि मध्येच सांड.

वऱ्हाडी_ठसका

सांड तर पाह्यजेच. पोळ्याच्या बैलाचा मामेभाऊ.

पार्लेकरीण

घाटपायरी, हे वाचून अंगावर काटा आला. आखणी मग रात्री, आजीसमोर?

चिंचपोकळीची_मावशी

आजीसमोर. आणि आजीने काही गोड बोलू नये. "सासऱ्यांच्या वेळचे डोळे जरा मोठे असत," एवढंच म्हणावं. दीपालीने तिथल्या तिथे उत्तर द्यावं, "तुमच्या सासऱ्यांना माझा आजा आखून द्यायचा. त्याला जवळचं दिसत नव्हतं."

लोकलपकड्या

हाहाहा. आणि शेवट? इथेच लग्नाची बोलणी करू का?

निवांत_नाना

करा. वाचकाला तेच हवं असतं. वाचक म्हणजे मी.

पार्लेकरीण

नको ना. आठवड्याभरात लग्न? आणि लग्न म्हणजे तिने काय करायचं, चित्रशाळा सोडून बीकेसीतल्या माणसाचा डबा भरायचा?

निवांत_नाना

डबा तो भरेल. शाकाहारी असेल, एवढं सोसून घ्यावं.

चिंचपोकळीची_मावशी

तुम्ही सगळे पोचण्याबद्दल बोलताय. परतीचं काय? जाताना दोघं एकत्र होती कारण मूर्ती एकट्याला उचलत नव्हती. आता मूर्ती बसली. विसर्जन तिथेच होईल. त्याची सुट्टी संपली, बाबतपूरहून मुंबईचं विमान आहे, तिकीट आधीच काढलेलं. तिला रिकामा टेम्पो घेऊन एकटीला परत जायचंय. एकटी चालवू शकते, कोणी मदत करायची गरज नाही. म्हणजे जाताना जे कारण होतं ते एकही उरलं नाही. आता तो टेम्पोत बसतो की विमानात, एवढंच दाखवा. जातानाचा सगळा प्रवास नाइलाज होता, त्याला प्रेम म्हणता येणार नाही.

पार्लेकरीण

मावशी, तुम्ही इतकी वर्षं कुठे होतात?

चिंचपोकळीची_मावशी

चिंचपोकळीला.

निवांत_नाना

मी हरलो. लग्न रद्द. पण तो टेम्पोत बसला पाहिजे, त्यावर तडजोड नाही. आणि गाडी लागण्याची गोळी त्याने स्वतः विकत घेतलेली असावी.

घाटपायरी

विसर्जन कितव्या दिवशी तेही ठरवा. दीड दिवसाचा असेल तर विचार करायला त्याला फार वेळ मिळत नाही.

लोकलपकड्या

दीड दिवसाचाच ठेवतो. शेवट ठरला: तिकीट तसंच जाऊ देतो, तो टेम्पोत बसतो, पुढचं वाचकांवर. पहिलं प्रकरण, लालबाग ते वडपे, रविवारपर्यंत टाकतो. मावशी, टाकण्याआधी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, चित्रशाळेतलं तपासून द्या. सगळ्यांचे आभार. अण्णांचे सुद्धा.

वऱ्हाडी_ठसका

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). मारबतीचं प्रकरन मले आधी दाखवजा.

आरटीओ_अण्णा

एक राहिलं. काशीहून मुंबईला रिकामी गाडी कोणी आणत नाही. डिझेलचा खर्च निघत नाही. परतीचं भाडं शोधावं लागेल.

घाटपायरी

आमच्याकडून लाकडी खेळणी जातात, बनारसी साड्यांचे गठ्ठे जातात. एखादा गठ्ठा दादरच्या दुकानासाठी द्या.

चिंचपोकळीची_मावशी

चालेल. पण एकट्याने उचलता येईल असाच माल द्या.

लोकलपकड्या

नक्की. साड्या देतो, लहान गठ्ठे.

आरटीओ_अण्णा

साड्या पन्नास हजारांच्या वर गेल्या तर ई-वे बिल लागेल.